संगणक निजवावा की बंद करावा?

वणीच्या बाजारपेठेतील एका जुन्या पेढीवर कापसाच्या ऐन हंगामात घडलेला प्रसंग आहे. दिवसभर गाड्या रिकाम्या होत होत्या. काट्यावरून आलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा संध्याकाळी मुलाच्या टेबलावर आला आणि त्याने त्या सर्व चिठ्ठ्या संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यात भराभर चढवल्या. शेतकऱ्याचे नाव, गाव, क्विंटल, भाव, देय रक्कम अशी सारी नोंद झाली. पावणेनऊ वाजता घरून जेवणाचा निरोप आला, तेव्हा त्याने संगणकाच्या यादीतील 'स्लीप' या शब्दावर बोट ठेवले. पडदा काळा झाला आणि पंखा थांबला. संगणक बंद झाला असे समजून तो निघून गेला.

मागे राहिलेल्या बाबूजींनी देवाच्या तसबिरीपुढील दिवा पाहिला, गल्ल्याला कुलूप लावले आणि जाताना विजेचा मेन स्विच खाली पाडला. चाळीस वर्षांचा त्यांचा हा नेम. कापसाच्या गावात आग म्हणजे काय असते हे पाहिलेल्या माणसाचा तो नेम होता आणि त्यात चूक काढण्यासारखे काहीही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक नव्याने सुरू झाला. एक्सेलने 'अर्धवट राहिलेली फाइल परत मिळाली आहे' असे सांगितले, मुलाने ती उघडली, वरवर पाहिली आणि चुकाऱ्याची यादी तयार केली. दुपारी मारेगावकडील एक शेतकरी हातात काटाचिठ्ठी घेऊन आला. यादीत त्याचे नाव नव्हते.

"भाऊ, चिठ्ठी तुमच्याच काट्याची आहे. अन् तुमच्या वहीत मी नाही, हे कसं?" असे तो शांतपणेच म्हणाला, परंतु त्या शांतपणाने गादीवर बसलेल्या सर्वांनाच अवघडल्यासारखे झाले.

मुनीमजींनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुन्हा मोजला. चिठ्ठ्या ६४ होत्या आणि तक्त्यात नोंदी ५५. नऊ शेतकऱ्यांचा कापूस गोदामात होता, पण हिशेबात नव्हता.

"बाबूजी, रात्री मी कॉम्प्युटर बंद करूनच निघालो होतो," मुलगा म्हणाला.

"अन् मी मेन पाडला, रोज पाडतो तसा. मेन पाडल्याने वहीतली नावं पुसतात का कधी?" बाबूजींनी विचारले.

दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे होते आणि म्हणूनच वाद वाढला. वस्तुस्थिती एवढीच होती की संगणक बंद झालेला नव्हता. तो निजला होता. आणि निजलेल्या संगणकाची वीज तोडणे व बंद केलेल्या संगणकाची वीज तोडणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद आज प्रत्येक दुकानात, प्रत्येक जिनिंगच्या कार्यालयात आणि प्रत्येक घरात ठाऊक असणे आवश्यक झाले आहे.

गादी आणि तिजोरी

संगणकाजवळ माहिती ठेवण्याच्या दोन जागा असतात. एक म्हणजे रॅम, अर्थात चालू कामाची स्मृती. दुसरी म्हणजे हार्ड डिस्क किंवा अलीकडची एसएसडी. पेढीच्या भाषेत बोलायचे तर रॅम म्हणजे गादीसमोरचे डेस्क, ज्यावर चालू कामाचे कागद पसरलेले असतात. आणि डिस्क म्हणजे तिजोरी, जिच्यात लिहून पूर्ण झालेल्या वह्या ठेवल्या जातात. डेस्कावरचा कागद पटकन हाती येतो, तिजोरीतला काढायला वेळ लागतो. म्हणून संगणक चालू काम नेहमी रॅममध्ये ठेवतो आणि 'सेव्ह' करण्याची आज्ञा मिळाली की ते डिस्कवर लिहितो.

रॅमचा एक स्वभाव मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तिच्यातील प्रत्येक अक्षर अतिसूक्ष्म विद्युतभाराच्या रूपाने साठवलेले असते आणि तो भार सतत झिरपत असतो. म्हणून तो पुन्हा पुन्हा भरावा लागतो. सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांत एकदा, म्हणजे एका सेकंदात सुमारे पंधरा वेळा ही उजळणी चालते. तिला वीज लागते. वीज क्षणभर खंडित झाली तरी उजळणी थांबते आणि रॅममधील सारे काही नाहीसे होते. डिस्कवर लिहिलेले मात्र वीज नसतानाही जसेच्या तसे राहते.

एवढे समजले की स्लीप, हायबरनेट आणि शट डाउन या तीन शब्दांचा अर्थ आपोआप उलगडतो.

तीन अवस्था

'स्लीप' म्हणजे डुलकी. संगणक आपला प्रोसेसर, डिस्क, पंखा आणि पडदा यांची वीज तोडतो, परंतु रॅमची उजळणी चालू ठेवतो. डेस्कावरचे कागद जसेच्या तसे पसरलेले असतात, फक्त मुनीमजींनी डोळे मिटलेले असतात. माऊस हलवला किंवा कळ दाबली की दोन-चार सेकंदांत काम जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू होते. ही सोय मोठी आहे. मात्र वीज गेली की कागद उडाले. वणीच्या त्या पेढीवर हेच घडले.

'हायबरनेट' म्हणजे दीर्घ निद्रा. यात संगणक रॅममधील सगळ्या चालू कामाची नक्कल डिस्कवर एका मोठ्या फाइलमध्ये लिहितो आणि मग स्वतःला बंद करतो. डेस्कावरील कागद, ते ज्या क्रमाने ठेवलेले होते त्या क्रमासह, तिजोरीत गेले असे समजावे. आता मेन पाडला, वायर काढली किंवा लॅपटॉपची बॅटरी संपली तरी काही बिघडत नाही. पुन्हा सुरू करताना ती नक्कल रॅममध्ये उतरवली जाते आणि उघडलेल्या सर्व खिडक्या पुन्हा तशाच दिसतात. स्लीपपेक्षा याला अधिक वेळ लागतो, परंतु सर्व नव्याने उघडत बसण्यापेक्षा कमी लागतो.

'शट डाउन' म्हणजे दुकान वाढवणे. सर्व प्रोग्रॅम बंद होतात, न जपलेल्या फाइलबद्दल संगणक विचारणा करतो, आणि नंतर यंत्र थांबते. दुसऱ्या दिवशी कोऱ्या डेस्काने कामाला सुरुवात होते.

या तीन अवस्थांना तंत्रज्ञांच्या भाषेत अनुक्रमे एस-३, एस-४ आणि एस-५ असे क्रमांक आहेत. हे क्रमांक इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एसीपीआय' नावाच्या मानकातून आले. त्यापूर्वी, १९९२ मध्ये, इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी विजेच्या बचतीचे एक साधे मानक आणले होते आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 'एनर्जी स्टार' ही योजना सुरू केली होती. तिच्या पहिल्या उत्पादनांत संगणक आणि त्यांचे पडदे होते. चालू राहून काहीच न करणारी यंत्रे किती वीज खातात, याची जाणीव तेव्हापासूनच होऊ लागली होती.

ज्यांनी विंडोज ९५ चा काळ पाहिला आहे, त्यांना काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत उमटणारी 'आता संगणक बंद करण्यास हरकत नाही' अशा अर्थाची सूचना आठवत असेल. त्या काळी ती सूचना आल्यावर हाताने बटण दाबून संगणक बंद करावा लागे. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाची नवी रचना आणली. तिच्यामुळे संगणक स्वतःच आपली वीज तोडू लागला. परंतु त्याची एक किंमत होती. पुन्हा सुरू होण्याच्या आज्ञेची वाट पाहण्यासाठी यंत्राचा एक छोटासा भाग, पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर, सतत जागा राहू लागला. म्हणून शट डाउन केलेला संगणकही, भिंतीवरील बटण चालू असेल तर, किंचित वीज घेतच असतो.

बंद केलेला संगणक खरोखर बंद असतो का?

याच जिल्ह्यातील दिग्रसच्या एका कापड दुकानातील ही गोष्ट. बिले छापणारा प्रिंटर अधूनमधून रुसत असे. मालकीणबाई रोज रात्री नेमाने शट डाउन करीत आणि सकाळी संगणक सुरू करीत, तरी रुसवा जाईना. शेवटी पुण्याला शिकणारा पुतण्या सुटीत आला. त्याने 'टास्क मॅनेजर' उघडून 'परफॉर्मन्स' या भागातील 'अप टाइम' दाखवला. संगणक एकोणीस दिवस सलग चालू असल्याचे तिथे लिहिले होते.

"अरे, मी तर रोज बंद करते!" काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही बंद करता, पण तो पूर्ण बंद होत नाही," पुतण्याने उत्तर दिले आणि 'रीस्टार्ट' केले. प्रिंटर चालू झाला.

याचे कारण 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय. विंडोज ८ सोबत, २०१२ साली, ती आली आणि तेव्हापासून बहुतेक संगणकांत आपोआप चालू असते. या सोयीत शट डाउनची आज्ञा दिल्यावर वापरणाऱ्याचे प्रोग्रॅम तर बंद होतात, परंतु विंडोजचा गाभा मात्र हायबरनेट होतो. दुसऱ्या दिवशी तो गाभा डिस्कवरून उचलला जातो, म्हणून संगणक लवकर सुरू होतो. परंतु गाभ्यात किंवा प्रिंटरसारख्या उपकरणाच्या चालक प्रोग्रॅममध्ये काही गुंता झालेला असेल, तर तो गुंताही तसाच उचलला जातो.

येथे एक उलटा वाटणारा नियम लक्षात ठेवावा लागतो. अशा संगणकात 'रीस्टार्ट' हे 'शट डाउन'पेक्षा अधिक पूर्ण असते, कारण रीस्टार्ट करताना गाभाही नव्याने सुरू होतो. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करावे. एखाद्या दिवशी संपूर्ण बंद करायचे असेल तर की-बोर्डवरील 'शिफ्ट' कळ दाबून धरून 'शट डाउन'वर बोट ठेवावे. त्या वेळेपुरता फास्ट स्टार्टअप वगळला जातो. ही सोय कायमची नको असल्यास कंट्रोल पॅनेलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये, पॉवरचे बटण काय करते ते ठरवण्याच्या पानावर, तिची खूण काढता येते. त्याच पानावर 'हायबरनेट'ची खूणही असते. ती पुष्कळ संगणकांत मुळात काढलेली असते, म्हणून अनेकांना हायबरनेट हा शब्द यादीत दिसतच नाही.

आणखी एक सावधगिरी आहे. शट डाउन किंवा हायबरनेटची आज्ञा दिल्यावर पडदा आधी काळा होतो, परंतु डिस्कवर लिहिण्याचे काम त्यानंतरही काही क्षण चालू राहते. त्याच क्षणी मेन पाडला तर लिहिणे अर्धवट राहते आणि फाइल बिघडण्याचा संभव असतो. म्हणून पडदा काळा झाला यावर विसंबू नये. संगणकाच्या पेटीवरचा छोटा दिवा पाहावा. तो मंद लुकलुकत असेल तर यंत्र निजलेले आहे. स्थिर पेटलेला असेल तर ते अजून जागे आहे किंवा काम संपवीत आहे. पूर्ण विझला असेल तरच हात मेन स्विचकडे न्यावा.

स्लीप, तीही सुरक्षित

मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टाच्या वेळी 'हायब्रिड स्लीप' नावाचा एक मधला मार्ग काढला. त्यात संगणक रॅममध्ये काम जागे ठेवतो आणि त्याच वेळी त्याची नक्कल डिस्कवरही लिहून ठेवतो. वीज राहिली तर स्लीपप्रमाणे चटकन जाग येते. वीज गेली तर हायबरनेटप्रमाणे काम परत मिळते. टेबलावरील संगणकांसाठी ही सोय विशेष उपयोगी आहे.

मग वणीच्या पेढीवर ती उपयोगी का पडली नाही? कारण शोधले तेव्हा असे आढळले की डिस्कवर जागा कमी पडते म्हणून पूर्वी कोणीतरी हायबरनेटची सोय मुळातूनच बंद केली होती. हायबरनेटसाठी राखलेली फाइल अनेक जीबी जागा घेते, हे खरे. परंतु ती काढली की हायबरनेटसोबत हायब्रिड स्लीपही जाते. जागा वाचली आणि कवच गेले. एक्सेल दर दहा मिनिटांनी जी तात्पुरती नक्कल ठेवते तिच्यामुळे ५५ नोंदी परत आल्या. शेवटच्या नक्कलेनंतर भरलेल्या नऊ नोंदी मात्र गेल्या. सगळाच तक्ता गेला असता तर ते तत्काळ कळले असते. तक्ता आला, पण अपुरा आला, आणि म्हणूनच चूक दुपारपर्यंत दडून राहिली. हिशेबात संपूर्ण कोरे पान असेल तर ते लगेच नजरेत भरते, अपुरे पान मात्र फसवून जाते.

त्या रात्री आणखीही एक हानी झाली होती. मेन पाडल्यावर निजलेला संगणक यूपीएसच्या बॅटरीवर गेला. यूपीएस रात्रभर, बॅटरी पूर्ण रिती होईपर्यंत, 'टिव टिव' करीत राहिला. रिकाम्या दुकानात ऐकायला कोणी नव्हते. यूपीएसमधील शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार अशी तळापर्यंत रिती झाली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. 'यूपीएस दर वर्षी का बिघडतो?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ दुकानांत या एका सवयीत सापडेल. शट डाउननंतर मेन पाडायचा असेल तर यूपीएसचे बटणही बंद करावे.

विजेचा हिशेब

व्यापारी कुटुंबात प्रश्न शेवटी आकड्यांवर येतो आणि तो यावाच. एक संगणक व त्याचा पडदा मिळून काम नसताना ८० वॅट घेतात असे धरू. स्लीपमध्ये ३ वॅट आणि शट डाउन किंवा हायबरनेटमध्ये १ वॅट धरू. दुकान रात्री नऊ ते सकाळी नऊ असे १२ तास बंद, वर्षाचे कामाचे दिवस ३०० आणि विजेचा दर युनिटला १२ रुपये धरून हिशेब केला तर काय दिसते?

संगणक रात्रभर चालू ठेवला तर वर्षाला २८८ युनिट, म्हणजे ३,४५६ रुपये. स्लीपमध्ये ठेवला तर १०.८ युनिट, म्हणजे सुमारे १३० रुपये. शट डाउन किंवा हायबरनेट केला तर ३.६ युनिट, म्हणजे सुमारे ४३ रुपये. प्रत्येकाने आपल्या यंत्राचे वॅट आणि आपल्या बिलावरील दर घालून हा हिशेब पुन्हा मांडावा. आकडे बदलतील, पण प्रमाण फारसे बदलणार नाही.

या आकड्यांतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की खरी उधळपट्टी संगणक तसाच चालू ठेवून जाण्यात आहे. चार संगणक असलेल्या कार्यालयात ती वर्षाला चौदा हजारांच्या घरात जाते. दुसरी गोष्ट अशी की स्लीप आणि शट डाउन यांच्यातील फरक वर्षाला शंभर रुपयांचाही नाही. तेव्हा 'वीज वाचते म्हणून शट डाउन करा' हा उपदेश अर्धाच खरा आहे. शट डाउन किंवा हायबरनेट करण्याचे मुख्य कारण चालू कामाची सुरक्षितता हे आहे. विजेची बचत दुय्यम आहे.

तरीही हे एक-दोन वॅट जगाने क्षुल्लक मानलेले नाहीत. बंद उपकरणांनी एका वॅटपेक्षा अधिक वीज घेऊ नये, असा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये मांडला आणि युरोपीय संघाने २०१३ पासून ही मर्यादा अर्ध्या वॅटवर आणली. भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला व त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. पंखे-फ्रीजवरील तारांकित पट्टी ही त्याचीच देणगी होय. आणि वणीच्या माणसाला तर वीज कुठून येते हे सांगावे लागत नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींतून निघालेला कोळसा औष्णिक वीज केंद्रांकडे जाताना आणि त्याची काळी धूळ रस्त्याकडेच्या झाडांवर बसलेली तो रोज पाहतो. विनाकारण जागत राहिलेला संगणकही त्याच कोळशावर जगत असतो.

वीज महाग आहे तशीच ती लहरीही आहे. २००५ साली राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण कंपनी अस्तित्वात आली, आणि त्यानंतरची भारनियमनाची वर्षे विदर्भातील व्यापाऱ्यांच्या स्मरणात आहेत. आता तशी स्थिती नाही. परंतु मे-जूनमधील वादळी पावसात तारा तुटतात, वीज येते-जाते आणि कधी एकाएकी जोराने येते. विजांचा कडकडाट होत असताना शट डाउन पुरेसे नसते, कारण यंत्र वायरने जोडलेलेच असते. अशा वेळी प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवणे हाच उपाय. हायबरनेट केलेल्या संगणकाचा प्लग निर्धास्त काढता येतो. निजलेल्याचा काढता येत नाही.

कोणत्या वेळी काय?

जेवणाची सुटी, चहा, गिऱ्हाइकाशी बोलणे अशा अर्ध्या-एक तासासाठी स्लीप योग्य. परंतु त्यापूर्वी 'सेव्ह' करण्याची सवय ठेवावी. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये व्हाउचर स्वीकारताच नोंद डिस्कवर जाते, पण अर्धे भरलेले व्हाउचर जात नाही. ते आधी पूर्ण करावे. जागे होताना पासवर्ड विचारला जाईल अशी व्यवस्था असावी, आणि डिजिटल स्वाक्षरीचे टोकन संगणकात खोचलेले ठेवून उठू नये. निजलेला संगणक माऊसच्या एका धक्क्याने जागा होतो, आणि समोर कोण बसले आहे हे त्याला कळत नाही.

दुकानात अनेक संगणक असतील आणि हिशेबाची मूळ फाइल त्यांपैकी एकावर असेल, तर त्या मुख्य संगणकाला कामाच्या वेळेत स्लीपची परवानगी नसावी. तो वीस-तीस मिनिटांनी आपोआप निजला की बाकीच्या टेबलांवरील काम मध्येच तुटते आणि दोष मात्र नेटवर्कला लागतो. त्याचा केवळ पडदा दहा मिनिटांनी बंद व्हावा. पडदा बंद असला तरी यंत्र जागेच असते. इतर संगणकांना पंधरा मिनिटांनी स्लीप ठरवून द्यावी.

यवतमाळहून नागपूरला लॅपटॉप घेऊन जाताना झाकण मिटणे पुरेसे नसते. झाकण मिटले की बहुधा स्लीप होते, आणि अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये तर ती पूर्वीची गाढ झोपही नसते. मोबाइलप्रमाणे तो अधूनमधून जागा होऊन संदेश आणि अपडेट पाहतो. मग बॅगेत यंत्र तापते आणि पोहोचेपर्यंत बॅटरी अर्धी झालेली असते. प्रवासासाठी हायबरनेट उत्तम.

रात्री दुकान वाढवताना शट डाउन किंवा हायबरनेट, दिवा विझल्याची खात्री, मग यूपीएसचे बटण आणि शेवटी मेन असा क्रम ठेवावा. पर्युषणात, लग्नकार्यात किंवा यात्रेला जाताना दुकान अनेक दिवस बंद राहणार असेल, तर संपूर्ण शट डाउन करून प्लगच काढावा आणि जाण्यापूर्वी हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ती घरी ठेवावी.

मेन रोज पाडणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना. वीज पूर्ण तुटल्यावर संगणकाचे घड्याळ आतील नाण्याएवढ्या बॅटरीवर चालते. काही वर्षांनी ती संपली की सकाळी तारीख भलतीच मागची दिसते, व्हाउचर चुकीच्या तारखेला पडतात आणि बँकेची किंवा जीएसटीची संकेतस्थळे सुरक्षा प्रमाणपत्र जुळत नसल्याची तक्रार करून उघडतच नाहीत. बॅटरी थोडक्या रुपयांत बदलून मिळते. पण विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी हे घडले तर तिची किंमत विलंब शुल्काने मोजावी लागते.

त्या पेढीवर पुढे काय झाले?

मुनीमजींनी नऊ चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. मारेगावच्या शेतकऱ्याचा चुकारा त्याच बैठकीत झाला. उरलेल्या आठ जणांना मुलाने स्वतः फोन केले. ते चौकशीला येण्याची वाट त्याने पाहिली नाही. "नोंद आमच्याकडून राहिली, रक्कम आज मिळेल," असे त्याने प्रत्येकाला सांगितले. बाबूजी हे ऐकत होते. संध्याकाळी त्यांनी मुलाला जवळ बोलावले.

"मेन मी पाडणारच. ते सोडणार नाही," ते म्हणाले. "पण पाडण्याआधी काय पाहायचं, ते मला दाखव."

मुलाने त्यांना संगणकाच्या पेटीवरचा दिवा दाखवला. निजल्यावर तो कसा लुकलुकतो आणि हायबरनेट झाल्यावर कसा विझतो, हे दोनदा करून दाखवले. संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावून हायबरनेटची सोय पुन्हा सुरू करून घेतली गेली. दोन मिनिटांचे काम होते. शिवाय मुलाने एक नियम स्वतःला लावून घेतला की रात्री निघण्यापूर्वी तक्त्यातील नोंदी आणि टेबलावरील चिठ्ठ्या यांची संख्या जुळवायची. यंत्र निजो वा बंद होवो, आकडा जुळला नाही तर दुकान वाढवायचे नाही.

मेन स्विचच्या शेजारी आता बाबूजींच्या वळणदार अक्षरातील एक पुठ्ठ्याची पाटी टांगलेली आहे. तिच्यावर तीन ओळी आहेत : चिठ्ठ्या मोजल्या का? दिवा विझला का? मग मेन.